रागाने दिलेले मत आणि त्याचा अर्थ लावणारे

साक्षेपी

३० एप्रिल १९९३ च्या संध्याकाळी रोममधील हॉटेल राफाएलच्या दारात मोठा जमाव उभा होता. इटलीचे माजी पंतप्रधान आणि समाजवादी पक्षाचे सर्वेसर्वा बेत्तिनो क्राक्सी यांचा मुक्काम तिथे असे. त्यांच्यावरील लाचखोरीच्या अनेक आरोपांबाबत खटला चालवण्याची परवानगी संसदेने आदल्याच दिवशी नाकारली होती. क्राक्सी बाहेर पडले, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर नाणी फेकली आणि 'हीसुद्धा हवीत का?' असे सुरात विचारले. ज्या तपासातून हे सारे उभे राहिले, त्याची सुरुवात फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलानमधील एका किरकोळ लाचेच्या प्रकरणापासून झाली होती. दोन वर्षांच्या आत त्या देशाची सगळी जुनी पक्षव्यवस्था कोसळली आणि महायुद्धानंतर जवळपास अर्धशतक सत्तेत असलेला ख्रिस्ती लोकशाही पक्ष १९९४ च्या जानेवारीत विसर्जित झाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी जिंकले. आपण राजकारणी नाही, कष्टाने वर आलेले उद्योजक आहोत, असे ते सांगत होते आणि त्यांचा पक्ष जेमतेम काही महिन्यांचा होता. मात्र १९८४ मध्ये न्यायाधीशांच्या आदेशाने त्यांच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांचे प्रक्षेपण थांबले, तेव्हा वटहुकूम काढून ते पुन्हा सुरू करून देणारे पंतप्रधान क्राक्सीच होते आणि १९९० मध्ये बेर्लुस्कोनींच्या विवाहाला साक्षीदार म्हणून उभे राहिलेलेही क्राक्सीच होते. ज्याच्यावर लोकांनी नाणी फेकली, त्याच्या जिवलग मित्राला अकरा महिन्यांनी लोकांनीच सत्तेवर बसवले.

हा योगायोग गमतीचा म्हणून मी सांगत नाही. राजकीय अभिजनांवरील रागाचा मतदानावर काय परिणाम होतो, या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू मला त्यात दिसते. अभिजन म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर केवळ मंत्री आणि खासदार नाहीत. पक्षांचे पिढीजात पुढारी, त्यांना पैसा पुरवणारे, त्यांचे सल्लागार आणि त्यांच्याशी रोजची उठबस असलेली माध्यमातील मंडळी हे सगळे मतदाराच्या मनात एकाच खोलीत बसलेले असतात. सरकारवरचा नेहमीचा राग निराळा असतो, कारण त्यात 'हे नकोत, ते येऊ देत' असा पर्याय शिल्लक राहतो. अभिजनांवरच्या रागात 'हे' आणि 'ते' यांतला फरकच पुसला जातो आणि विरोधी पक्षालाही तो राग आपसूक मिळत नाही.

असा राग लोकांना मतदानापासून दूर नेतो, हा समज फार तर अर्धा खरा आहे. अमेरिकेत संघीय सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील असे मानणाऱ्यांचे प्रमाण १९६४ मध्ये ७७ टक्के होते आणि गेली अनेक वर्षे ते २० टक्क्यांच्या आसपास घुटमळत आहे. विश्वास असा तळाला गेलेला असतानाच २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीत सुमारे ५० टक्के पात्र मतदारांनी मतदान केले, जे प्रमाण चार वर्षांपूर्वी ३७ टक्क्यांच्या आत होते. २०२० मध्ये तर सुमारे ६६ टक्के मतदान होऊन १९०० नंतरचा उच्चांक गाठला गेला. लोकांचा विश्वास उडाला होता, तरी ते घरी बसले नाहीत.

पण ही भरती टिकत नाही आणि त्यासाठी पुन्हा इटलीकडेच पाहावे लागते. सगळे राजकारणी एकाच माळेचे मणी आहेत, या एका वाक्यावर उभ्या राहिलेल्या 'फाइव्ह स्टार' चळवळीला २०१३ मध्ये सुमारे साडेपंचवीस टक्के आणि २०१८ मध्ये ३२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. त्यानंतरच्या चार वर्षांत हा पक्ष आधी उजव्यांबरोबर, मग डाव्यांबरोबर आणि शेवटी मध्यवर्ती बँकेच्या माजी प्रमुखांच्या सरकारात बसला. २०२२ मध्ये त्याची मते १५ टक्क्यांवर आली आणि एकूण मतदान ६४ टक्क्यांच्या खाली जाऊन त्या प्रजासत्ताकातील तोवरच्या संसदीय निवडणुकांत सर्वांत कमी ठरले. सोडून गेलेले सगळेच दुसऱ्या पक्षाकडे गेले नाहीत, त्यांपैकी पुष्कळ जण घरी थांबले.

माझे म्हणणे असे की मतपत्रिका मुकी असते. संतापलेला मतदार तिच्यातून 'नको' एवढेच सांगू शकतो; का नको आणि त्याऐवजी काय हवे, हे तिच्यावर लिहिता येत नाही. तो मजकूर नंतर जिंकणारा लिहितो आणि खाली सही मतदाराची असते. ब्रिटनमध्ये जून २०१६ च्या सार्वमतात ७२ टक्के मतदान झाले, म्हणजे आदल्या वर्षीच्या संसदीय निवडणुकीपेक्षा सहा टक्के अधिक, आणि सुमारे ५२ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, यावर पुढची साडेतीन वर्षे वाद चालला, संसदेने एकाच पंतप्रधानांचा करार तीन वेळा फेटाळला आणि शेवटी जो अर्थ ठरला तो पक्षांतर्गत लढाईत जिंकलेल्या गटाने ठरवला. सदस्यांना हे पटते का, आणि पटत असल्यास त्या मुक्या मताला वाचा फुटण्याचा काही मार्ग दिसतो का, हे जाणून घ्यायला आवडेल.

निमित्तमात्र

मांडणी आवडली, परंतु 'राग' या एका शब्दात आपण दोन-तीन भावना एकत्र बांधल्या आहेत. राजकीय मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी राग आणि भीती यांत जो फरक केला आहे तो इथे उपयोगी पडतो. भ्यायलेला मतदार थांबतो, चौकशी करतो, आपली सवयीची निष्ठा बाजूला ठेवून नवी माहिती शोधतो. रागावलेला मतदार उलट वागतो. त्याला दोषी कोण हे आधीच ठाऊक झालेले असते, त्यामुळे त्याला माहितीची गरज कमी भासते आणि कृतीची घाई अधिक होते. राग यायला दोन गोष्टी लागतात. झालेले नुकसान कोणीतरी केलेले आहे अशी खात्री एक, आणि आपण काहीतरी करू शकतो अशी अंधूक का होईना आशा दुसरी. ही दुसरी गोष्ट संपली की राग उरत नाही, वैताग उरतो, आणि वैतागलेला माणूस मतदान केंद्रापर्यंत चालत जात नाही.

म्हणून २०१८ मधला आणि २०२२ मधला इटालियन मतदार यांच्या रागाचे प्रमाण कमीजास्त झाले असे मी म्हणणार नाही. चार वर्षांत त्याची आशा खर्ची पडली. जो पुढारी रागाच्या लाटेवर निवडून येतो, तो लोकांच्या रागापेक्षा त्यामागची आशाच जास्त खर्च करतो आणि ती भरून काढणे त्याच्या उत्तराधिकाऱ्यालाही जमत नाही.

गणिती

साक्षेपी यांनी जिंकणारा अर्थ लावतो असे म्हटले आहे. मला त्याच्याही आधीची एक पायरी दिसते. जिंकणारा बोलू लागण्यापूर्वी मतमोजणीच्या नियमांनी अर्धा अर्थ लावून टाकलेला असतो.

ब्राझीलमध्ये २०१० साली तिरिरीका नावाचा विदूषक संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला. खासदार काय करतो हे मला ठाऊक नाही, मला मत द्या म्हणजे मी ते पाहून तुम्हाला सांगतो, आणि याहून वाईट काही होणार नाही, असा त्याचा प्रचार होता. त्याला साडेतेरा लाखांच्या आसपास मते पडली आणि त्या वर्षी देशातील कोणत्याही खासदारापेक्षा ती अधिक होती. आता पुढचा भाग पाहा. तिथे जागा पक्ष किंवा आघाडीच्या एकूण मतांच्या प्रमाणात वाटल्या जात आणि मग त्या यादीत ज्याला अधिक मते तो आत जाई. तिरिरीकाला स्वतःच्या जागेसाठी लागणारी मते केव्हाच ओलांडून गेली होती. उरलेल्या मतांनी त्याच्या आघाडीतील आणखी काही उमेदवार निवडून आले, ज्यांना स्वतःच्या बळावर ते शक्य नव्हते. व्यवस्थेची खिल्ली उडवायला दिलेल्या मताने व्यवस्थेतल्याच माणसांच्या खुर्च्या पक्क्या झाल्या. (अवांतर: त्याच देशात १९५९ मध्ये साओ पावलोच्या नगरपरिषदेसाठी सुमारे एक लाख लोकांनी प्राणिसंग्रहालयातील काकारेको या गेंड्याचे नाव चिठ्ठीवर लिहिले होते. ती मते बाद झाली, आणि बाद झाल्यामुळे निदान दुसऱ्या कोणाच्या कामी आली नाहीत.)

ज्या देशांत प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच निवडून येतो, तिथे विपर्यास वेगळ्या पद्धतीने होतो. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, आणि मतदानच साधारण ६० टक्के झाले होते. म्हणजे पात्र मतदारांपैकी पाचांतल्या एकाने त्या पक्षाला मत दिले आणि वर्तमानपत्रांनी त्याला लाट म्हटले. तो जुन्या सरकारवरचा राग होता, नव्यावरचे प्रेम नव्हते, हे आकडे स्पष्ट दाखवतात; पण सभागृहात बसलेले ४११ सदस्य हे आकडे रोज आठवत बसत नाहीत.

तिऱ्हाईत

मला ही सगळी चर्चा मतपत्रिकेकडून भलतीच अपेक्षा ठेवणारी वाटते. मत म्हणजे पत्र नव्हे. निवडणुकीचे पहिले आणि सर्वांत मोलाचे काम म्हणजे सत्तेवरच्या माणसाला रक्त न सांडता खाली उतरवता येणे. इटलीतील जुने पक्ष गेले, हे लहान यश आहे का? अर्धशतक कोणाला ते जमले नव्हते. नंतर आलेला माणूस वाईट निघाला तर त्यालाही उतरवता येते, आणि बेर्लुस्कोनींना मतदारांनी १९९६ मध्ये व २००६ मध्ये हरवलेच. मताला बोलता येत नाही ही उणीव नाही. ज्या क्षणी मत 'बोलू' लागते, त्या क्षणी त्याचे दुभाषे जन्माला येतात आणि 'जनतेचा खरा आवाज मीच' असे सांगणारा पुढारी हा त्या दुभाष्यांतला सर्वांत धोकादायक असतो. पेरूमध्ये १९९० साली आल्बेर्तो फुजिमोरी हे कोणालाही फारसे माहीत नसलेले प्राध्यापक प्रस्थापितांवरच्या रागातून निवडून आले. दोन वर्षांनी, ५ एप्रिल १९९२ रोजी, त्यांनी संसद बरखास्त केली आणि रस्त्यांवर रणगाडे आणले, तरीही बहुसंख्य लोकांनी त्याला पसंती दिली, कारण संसद म्हणजे तेच अभिजन हे समीकरण लोकांच्या मनात पक्के होते. मुक्या मताची मला भीती वाटत नाही, त्याच्या वतीने बोलणाऱ्याची वाटते.

अनुस्वार

कोणालाच न देणाऱ्या मतदाराबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

अर्जेंटिनात मतदान सक्तीचे आहे, त्यामुळे तिथल्या संतप्त मतदाराला घरी बसण्याचा सरळ मार्ग मोकळा नसतो. ऑक्टोबर २००१ च्या संसदीय निवडणुकीत देशभरातील पाचव्या हिश्शाहून अधिक मते कोरी किंवा बाद निघाली. त्या काळी तिथे पक्षाची छापील चिठ्ठी लिफाफ्यात घालून मत देत, त्यामुळे लिफाफ्यात काय घालावे यावर लोकांनी बरीच कल्पकता दाखवली. पुष्कळांनी क्लेमेंते या वर्तमानपत्री चित्रमालिकेतील पात्राचे चित्र घातले. क्लेमेंतेला हात नाहीत, त्यामुळे तो चोरी करू शकत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. माझ्या मते निषेधाच्या मताचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि साक्षेपी यांना मी एवढे जरूर सांगेन की ते मत मुके नव्हते. डिसेंबरमध्ये सरकारने बँकांतील ठेवी काढण्यावर निर्बंध घातले, 'सगळेच चालते व्हा' ही घोषणा घेऊन लोक रस्त्यावर उतरले आणि २० डिसेंबरला अध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने राजवाड्यातून निघून गेले.

मग सगळे गेले का? एप्रिल २००३ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा पहिल्या फेरीत २४ टक्के मते घेऊन पहिला आला तो कार्लोस मेनेम, जो १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षे अध्यक्ष होता आणि ज्याच्या धोरणांवर त्या संकटाचे खापर फोडले जात होते. दुसऱ्या फेरीत पराभव अटळ दिसल्याने त्याने माघार घेतली आणि २२ टक्क्यांवर असलेले नेस्तोर किर्चनर अध्यक्ष झाले. तेही मेनेमच्याच पक्षाचे आणि बारा वर्षे एका प्रांताचे गव्हर्नर राहिलेले. घोषणेत 'सगळे' होते, मतपत्रिकेवर मात्र तेच होते.

आता नियमांचा भाग. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आले. २०१४ आणि २०१९ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत ते एक टक्क्याच्या किंचित वर मतदारांनी दाबले. २०२४ मध्ये इंदूर मतदारसंघात प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतल्यावर दोन लाख अठरा हजारांहून अधिक मते 'नोटा'ला पडली आणि तरीही तिथला विजयी उमेदवार अकरा लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आला. लोकसभेच्या नियमांत तर नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्याखालचा उमेदवारच विजयी ठरतो. कोलंबियात कोऱ्या मताला यापेक्षा अधिक वजन आहे. कोरी मते वैध मतांच्या निम्म्याहून अधिक झाली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते आणि आधीचे उमेदवार तीत उभे राहू शकत नाहीत. २०११ मध्ये बेयो शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत हे प्रत्यक्षात घडले. फ्रान्सने २०१४ पासून कोरी मते बाद मतांपासून वेगळी मोजायला सुरुवात केली, पण निकालाच्या हिशेबात ती अजूनही धरली जात नाहीत. २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत कोरी आणि बाद मिळून ४० लाखांहून अधिक मते होती.

साक्षेपी वाचा फुटण्याचा मार्ग विचारतात. कोलंबियाचा नियम हा मला त्या दिशेने केलेला एक छोटा पण खरा प्रयत्न वाटतो.

उत्तररात्र

कोलंबियाचा नियम कागदावर चांगला आहे, मात्र नवे उमेदवारही त्याच पक्षांनी निवडायचे असतील तर स्वयंपाकी तोच आणि ताट तेवढे नवे. उमेदवारी कोण देतो या प्रश्नाला हात न लावता नकाराधिकार दिला की मतदाराला फक्त मन मोकळे केल्याचे समाधान मिळते.

साक्षेपी

तिऱ्हाईत यांचा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटला, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. उतरवता येणे हे निवडणुकीचे मूळ काम आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या व्यवस्थेत उतरवल्यानंतरही धोरण तेच राहते, तिथे उतरवण्याचा अर्थ मतदाराच्या लेखी किती उरतो?

ग्रीसमधील पासोक हा समाजवादी पक्ष ऑक्टोबर २००९ मध्ये सुमारे ४४ टक्के मतांनी जिंकला होता. कर्जसंकट आणि काटकसरीच्या निर्णयांनंतर मे २०१२ मध्ये तो १३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०१५ मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली गेला. उतरवणे यापेक्षा पूर्ण असू शकत नाही. लोकांनी सिरिझा या काही वर्षांपूर्वीपर्यंत काठावर असलेल्या डाव्या आघाडीला सत्ता दिली. त्या सरकारने जुलै २०१५ मध्ये सार्वमत घेतले आणि ६१ टक्क्यांनी धनकोंच्या अटी नाकारल्या. आठवडाभरात त्याच सरकारने त्या अटींपेक्षा सौम्य म्हणता येणार नाहीत अशा अटी मान्य केल्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. सिरिझा पुन्हा जिंकला, पण जानेवारीत ६४ टक्क्यांच्या आसपास असलेले मतदान ५७ टक्क्यांवर आले होते. निमित्तमात्र ज्याला आशा खर्ची पडणे म्हणतात, त्याचे हे मला ठाऊक असलेले सर्वांत वेगवान उदाहरण आहे. या मतदारांनी एका पक्षाला उतरवले होते आणि सार्वमतात आपले म्हणणे होय-नाहीच्या स्वरूपात सांगितलेही होते.

क्लेमेंतेच्या चित्राबद्दल अनुस्वार यांचे आभार. ते मत बोलत होते हे कबूल करतो. तरी ते बाद मतांच्या ढिगात गेले आणि मोजणाऱ्याने ते वाचून हसून बाजूला ठेवले असणार.

पायवाट

इथली सगळी उदाहरणे रागाचा भ्रमनिरास सांगणारी आहेत, म्हणून दोन वेगळी मांडतो. ती यशाची आहेत असा माझा दावा नाही, पण त्यांत राग वाऱ्यावर गेला नाही.

श्रीलंकेत २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके यांना तीन टक्क्यांच्या किंचित वर मते मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या आघाडीला संसदेत केवळ तीन जागा. २०२२ मध्ये परकीय चलन संपले, इंधनासाठी दिवसदिवस रांगा लागल्या, लोकांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाचा ताबा घेतला आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. पुढचे अध्यक्ष संसदेने निवडले. लोकांना मत देण्यासाठी दोन वर्षे थांबावे लागले. एवढ्या काळात राग विरतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये दिसानायके ४२ टक्के मते घेऊन विजयी झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. ते राजकारणाबाहेरून आले नव्हते. त्यांचा जनता विमुक्ती पेरामुना हा पक्ष १९७१ मध्ये आणि १९८७ ते १९८९ या काळात सशस्त्र उठाव केलेला, नंतर संसदीय मार्गावर आलेला, गावोगावी कार्यकर्ते असलेला जुना पक्ष होता. सत्तेत फारसा वाटा न मिळाल्यामुळे तो जुना असूनही प्रस्थापित ठरला नव्हता. रागाला तिथे आयते घर मिळाले. एक आकडा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा: सप्टेंबरमधील सुमारे ७९ टक्के मतदान नोव्हेंबरमध्ये ६९ टक्क्यांवर उतरले होते, म्हणजे त्या प्रचंड बहुमतामागे घरी राहिलेल्यांचाही हातभार आहे.

ग्वातेमालाचे उदाहरण तर एकाच देशातले दोन प्रयोग आहेत. २०१५ मध्ये सीमाशुल्कातील मोठा घोटाळा उघड झाला, आठवड्यामागून आठवडे शांततापूर्ण निदर्शने झाली आणि अध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांनी निवडणुकीच्या चार दिवस आधी राजीनामा दिला. राग ताजा असताना मतदान झाले आणि 'ना भ्रष्ट, ना चोर' या घोषणेवर जिमी मोरालेस हे विनोदी अभिनेते अध्यक्ष झाले. जो आंतरराष्ट्रीय आयोग तो घोटाळा बाहेर काढण्यात पुढे होता, त्याचाच कार्यकाळ त्यांनी पुढे संपुष्टात आणला. दुसरीकडे त्याच निदर्शनांतून काही लोकांनी एक अभ्यासगट सुरू ठेवला, त्याचा पुढे 'सेमिया', म्हणजे 'बीज', नावाचा पक्ष झाला. जून २०२३ च्या पहिल्या फेरीत बाद मते १७ टक्क्यांच्या आसपास होती आणि ती कोणत्याही उमेदवाराच्या मतांपेक्षा अधिक होती. त्या गोंधळात सेमियाचे बेर्नार्दो आरेवालो १२ टक्क्यांच्या जवळपास मते घेऊन अनपेक्षितपणे दुसरे आले आणि ऑगस्टमध्ये सुमारे ६० टक्क्यांनी जिंकले. एकाच रागातून २०१५ मध्ये काही आठवड्यांत एक अध्यक्ष निघाला आणि आठ वर्षांनी दुसरा.

त्यामुळे मताला वाचा मतदानाच्या दिवशी फुटत नाही असे मला वाटते. दोन निवडणुकांच्या मधल्या कंटाळवाण्या वर्षांत कोणी बैठका घेतल्या, वर्गणी गोळा केली, मसुदे लिहिले, यावर ते ठरते.

निमित्तमात्र

पायवाट यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण बैठका आणि मसुदे पुरेसे असतात का, या शंकेसाठी चिलीकडे पाहावे लागेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि देश पेटला. 'हा तीस पेसोंचा प्रश्न नाही, तीस वर्षांचा आहे' ही घोषणा १९९० मध्ये लष्करी राजवट संपल्यानंतरच्या सर्वपक्षीय अभिजनांना उद्देशून होती. वर्षभराने झालेल्या सार्वमतात ७८ टक्क्यांनी नवी राज्यघटना हवी असे सांगितले आणि ती लिहिणाऱ्या सभेत विद्यमान खासदार नकोत, असेही ७९ टक्क्यांनी सांगितले. इतका बोलका प्रश्न मतपत्रिकेवर क्वचितच छापला गेला असेल. १५५ जणांच्या त्या सभेत मोठ्या संख्येने अपक्ष आले. मसुदा तयार झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

लोकांचे मत फिरले असे यावर लगेच म्हटले गेले. माझ्या मते मतदारही बदलले होते. सभेच्या निवडणुकीत निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केले होते, तर मसुद्यावरचे मतदान सक्तीचे होते आणि ८५ टक्क्यांहून अधिक लोक आले. रस्त्यावर आलेल्यांचा राग आणि घरी बसलेल्यांचा राग एकाच दिशेचा आहे, असे सभेने गृहीत धरले होते. घरी बसलेल्यांच्या लेखी ही नवी मंडळीही तोवर अभिजन झाली होती, आणि त्यासाठी त्यांना जेमतेम वर्षभर लागले. पुढच्या मसुदा समितीसाठी मे २०२३ मध्ये मतदान झाले, तेव्हा पाचव्या हिश्शाहून अधिक मते कोरी किंवा बाद होती. दुसरा मसुदाही डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळला गेला आणि १९८० ची, लष्करी राजवटीतली राज्यघटना दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

गणिती

चिलीच्या या मुद्द्याला एक पुरवणी. मतदान ऐच्छिक असलेल्या देशात निवडणुकीतून दिसतो तो 'रागावलेल्या आणि आशा शिल्लक असलेल्या' लोकांचा कौल. सक्तीच्या देशात 'वैतागलेले'ही मोजले जातात. त्यामुळे दोन देशांतील निषेधाच्या मतांची थेट तुलना करताना हात आखडता घ्यावा. अर्जेंटिनातील कोरी मते आणि इटलीतील न झालेले मतदान ही बहुधा एकाच स्वभावाच्या मतदाराची दोन रूपे आहेत.

तिऱ्हाईत

साक्षेपी यांच्या ग्रीसच्या उदाहरणाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जिथे निर्णय देशाबाहेर होतात, तिथे उतरवण्याच्या अधिकाराची धार बोथट होते, हे मान्य. तरी लॅटव्हियाचे एक उदाहरण मांडतो, कारण तिथे लोकांनी एखाद्या पक्षाऐवजी अख्खी संसदच उतरवली.

मे २०११ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेला आइनार्स श्लेसेर्स या खासदाराच्या घराची झडती घ्यायची होती आणि संसदेने परवानगी नाकारली. क्राक्सींच्या प्रसंगाशी याचे साम्य लक्षात येईलच. राष्ट्राध्यक्ष वाल्दिस झातलेर्स यांनी घटनेतील तरतूद वापरून संसद बरखास्तीचा प्रस्ताव जनतेपुढे ठेवला. त्या तरतुदीत अट अशी की सार्वमतात प्रस्ताव पडला तर राष्ट्राध्यक्षांनाच पद सोडावे लागते. संसदेने मात्र सार्वमतापूर्वीच, काही दिवसांत, दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाची निवड करून झातलेर्स यांना घरी पाठवले. जुलैत ९४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी संसद बरखास्त करण्याच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबरमध्ये नवी संसद निवडली गेली. श्लेसेर्स यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. झातलेर्स यांचा नवा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला आणि सरकारातही गेला, पण २०१४ च्या निवडणुकीत तो उतरलाच नाही.

पंतप्रधानपदी बरखास्तीपूर्वी वाल्दिस डोम्ब्रोव्स्किस होते आणि नव्या संसदेनेही त्यांनाच निवडले. साक्षेपी याच्याकडे बोट दाखवून काहीच बदलले नाही असे म्हणतील, मी श्लेसेर्स यांच्या शून्य जागांकडे बोट दाखवीन, आणि त्या ९४ टक्क्यांपैकी कोणाच्या मनात यांतले नेमके काय होते, हे ठरवायला आपल्यापैकी कोणाकडेच त्यांच्या मतपत्रिकेवरच्या एका खुणेपलीकडे काही नाही.